सातारा–रहिमतपूर–विटा मार्गाची कुळकथा

साताऱ्याहून निघून कृष्णाकाठच्या अंगापूर-धामणेरच्या शिवारांतून रहिमतपुरास, आणि तेथून आग्नेयेस वळून पुसेसावळीवरून विट्यास जाणारा जो राज्यमार्ग आज एकसंध दिसतो, तो कोणा एका राजाच्या हुकमाने वा एका अभियंत्याच्या नकाशाने सिद्ध झालेला नसून, निरनिराळ्या काळी निरनिराळ्या प्रयोजनांनी पडलेल्या वाटा एकमेकींस मिळत गेल्याने घडला असावा, असे त्या टापूचा इतिहास पाहता मला वाटते.

त्यांतल्या जुन्या वाटेची साक्ष रहिमतपूर कसब्यातच उभी आहे. मुहंमद आदिलशहाच्या कारकिर्दीत शहाजीराजांसह कर्नाटकावर चालून जाऊन 1638 साली बंगळूर घेणारा सरदार रणदुल्लाखान, त्याची म्हणून ओळखली जाणारी कबर आणि मशीद येथे आहे. आणि मशिदीपासून थोड्याच अंतरावर, पाणी उंच चढवून तिथल्या हौद-कारंज्यांस पुरविण्यासाठी उभारलेला एक बुरूजवजा मनोरा आहे. कारंज्यांसाठी एवढा खटाटोप ज्या ठिकाणी झाला, ते केवळ लष्कराच्या रात्रीच्या मुक्कामाचे ठाणे खास नव्हते. तेथे पेठ वसली असली पाहिजे, महसूल जमत असला पाहिजे, आणि विजापुराकडे स्वार व जासूद नित्य ये-जा करीत असले पाहिजेत.

सतराव्या शतकात याच मुलखात दुसऱ्या प्रकारची वर्दळ सुरू झाली. समर्थांसह ज्या पाच सत्पुरुषांस दासपंचायतन म्हणतात, त्यांपैकी रंगनाथस्वामी रहिमतपूरनजीकच्या निगडीस आणि जयरामस्वामी पुसेसावळीनजीकच्या वडगावास राहत. चाफळच्या रामाची मूर्ती समर्थांना सापडली ती अंगापूरच्या डोहात, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. ही तिन्ही स्थाने आजच्या मार्गाच्या हाताशी असावीत, हा मी निव्वळ योगायोग मानीत नाही.

तथापि या मार्गाला खरे बळ दिले ते आगगाडीने. 1848 साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले, आणि 1880 नंतरच्या दशकात पुणे-मिरज मीटरगेज लोहमार्ग पडून रहिमतपुरास गावाबाहेर स्थानक आले. तेव्हापासून खटावच्या बाजूच्या बैलगाड्यांची तोंडे या स्थानकाकडे वळली. गूळ-हळद बाहेर जाऊ लागली, सूत-मीठ आत येऊ लागले. औंध संस्थानच्या राजधानीस लोहमार्ग नव्हता; त्यामुळे पंतप्रतिनिधींकडे जाणारा पाहुणा इंग्रजी अंमलातल्या रहिमतपुरास उतरून रस्त्याने संस्थानी हद्दीत शिरे. एखाद्या पेठेचे भाग्य तिच्या वेशीपाशी न ठरता दूरच्या फलाटावर ठरावे, हे त्या युगाचेच वैशिष्ट्य होय. म्हणून या रस्त्याचे ऋण कोणा सरदारापेक्षा स्थानकाकडे अधिक आहे, असे मी म्हणतो.

रस्त्यांना राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशा प्रतींत बसविण्याची पद्धत 1943 च्या नागपूर योजनेने घालून दिली, आणि पुढे तिच्यातूनच राज्यमार्ग ही संज्ञा रूढ झाली. ऑगस्ट 1949 मध्ये सातारा जिल्ह्याची फाळणी होऊन विटा दक्षिण साताऱ्यात गेले, आणि 1960 साली त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. अशा रीतीने, जो रस्ता एकाच कलेक्टराच्या अमलाखाली होता, तो एक खडीही न हलता दोन जिल्ह्यांचा झाला. रहिमतपूर एका बाजूस राहिले, विटा दुसऱ्या बाजूस गेले.