बोर्डिंग आणि मॅट्रिक

मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 मध्ये झाली आणि 1859 मध्ये विद्यापीठाने आपली पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेतली. लोकांच्या तोंडी 'मॅट्रिक' म्हणून रुळलेली ही परीक्षा शालेय शिक्षणाच्या शेवटी येत असली, तरी ती शाळेची नव्हे, विद्यापीठाची होती. ती उत्तीर्ण होणे म्हणजे कॉलेजच्या दारात पाऊल ठेवण्याची परवानगी मिळणे. त्या काळी मराठी शाळेतील चार इयत्ता संपवून मूल 'इंग्रजी पहिली'त जाई आणि 'इंग्रजी सातवी'च्या अखेरीस मॅट्रिकला बसे. जे इंग्रजीकडे वळत नसत ते मराठीतूनच पुढे शिकून 'व्हर्नाक्युलर फायनल' देत, आणि प्राथमिक शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी मिळाली की त्यांचे शिक्षण पुरे झाले असे मानले जाई. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या किंवा अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातील मुलाची वाट बहुधा या फाट्यावरच अडे, कारण मराठी शाळा गावात किंवा शेजारच्या गावात असली, तरी इंग्रजी शाळा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असे, आणि तेथे अकरा-बारा वर्षांच्या पोराने राहायचे कोठे व खायचे काय, या प्रश्नाला त्या घराजवळ उत्तर नसे. ज्या घरात आधी कोणी शिकलेले नाही त्या घरातील मुलाची कॉलेजसाठी तयारी करून घेणे हा महाराष्ट्रात प्रथमपासून वर्गाइतकाच, किंबहुना वर्गापेक्षा अधिक, निवाऱ्याचा आणि भाकरीचा प्रश्न राहिला आहे, आणि म्हणून त्याचा इतिहास शाळांपेक्षा बोर्डिंगांच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसतो.

हा प्रश्न सर्वांनाच सारखा नडत नव्हता. पुण्यासारख्या शहरात गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला आधार देणारी एक जुनी व्यवस्था होती. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरवून प्रत्येक वारी एका घरी जेवायचे, याला 'वार लावून जेवणे' म्हणत, तर ठरावीक घरी जाऊन शिजवलेले अन्न मागून आणण्याला 'माधुकरी' म्हणत. यात मानहानी होती, पोटाची आबाळ होती, पण शहरात टिकून राहण्याची सोय होती, आणि त्याबरोबर वार देणाऱ्या घरातील कोणी वकील, कोणी मास्तर, कोणी कारकून कोणती परीक्षा कधी असते व अर्ज कोठे करायचा हे सहज सांगून जाई. 1909 मध्ये पुण्यात स्थापन झालेले अनाथ विद्यार्थी गृह, जे पुढे पुणे विद्यार्थी गृह झाले, ते याच परंपरेतून संस्थारूप घेऊन उभे राहिले. परंतु वार लावण्याची प्रथा सोवळ्या-ओवळ्याच्या नियमांनी बांधलेली असल्यामुळे कुणब्याच्या, धनगराच्या वा महाराच्या मुलाला तिचा काडीचाही उपयोग नव्हता. गरिबी दोन्हीकडे होती. ओळखीपाळखीचे जाळे मात्र एकीकडेच होते.

जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे हिंदुस्थानातील शिक्षणाच्या पाहणीसाठी सरकारने नेमलेल्या मंडळापुढे, जे निवेदन सादर केले, त्यात रयतेच्या करातून जमा होणारा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, यावर नेमके बोट ठेवले होते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही त्यांची मुख्य मागणी सर्वश्रुत आहे. ज्या वर्गांत शिक्षणाचा प्रसार झालेला नाही त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या असाव्यात, ही त्याच निवेदनातील सूचना तितकीशी आठवली जात नाही. सरकारने त्यावर तातडीने काही केले नाही, आणि पुढचे पाऊल ब्रिटिश मुलखाऐवजी एका संस्थानात पडले.

छत्रपती शाहू महाराजांनी 1894 मध्ये कोल्हापूरचा कारभार हाती घेतला तेव्हा दरबारच्या 71 वरिष्ठ जागांपैकी 60 जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. इतर जातींतील शिकलेले उमेदवार मिळत नाहीत, ही तक्रार खरीही होती आणि सोयीचीही. 1896 मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले असे वसतिगृह निघाले, पण थोड्याच काळात ते व्यवहारात ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले, कारण दार सर्वांना उघडे असले तरी त्या दारापर्यंत पोहोचणारे बहुतेक एकाच वर्गातले होते. या अनुभवातून महाराजांनी जो निष्कर्ष काढला तो आजही काहींना खटकतो: सर्वांसाठी एक वसतिगृह चालत नसेल तर प्रत्येक समाजासाठी वेगळे काढावे आणि ते चालवण्याची जबाबदारी त्या त्या समाजातील पुढाऱ्यांवर टाकावी. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, त्यानंतर लिंगायत समाजाचे, 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, मग दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशी रांगच लागली, आणि 1920 मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंगची भर पडली. दरबाराने जागा, इमारती आणि अनुदाने दिली. दसरा चौकाच्या परिसरातून फिरणाऱ्याला त्यातील काही बोर्डिंगे आजही दिसतात.

जातवार वसतिगृहांनी जातिभेद पक्का केला, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि त्या काळात आपल्याच समाजाच्या बोर्डिंगात मुलगा राहतो म्हटल्यावर खेड्यातील बाप त्याला शहरात पाठवायला धजत असे, आणि बोर्डिंग चालवण्यासाठी वर्गणी देणाऱ्या समाजाला त्या मुलाचा निकाल आपला वाटत असे, हे दुर्लक्षून चालणार नाही. 26 जुलै 1902 रोजी महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा काढला; त्या जागा भरायला लागणारी माणसे या बोर्डिंगांतून घडणार होती. राखीव जागा आणि वसतिगृह ही एकाच धोरणाची दोन अंगे होती. पुढील काळातील वादात पहिल्याची चर्चा उदंड झाली आणि दुसरे विसरले गेले.

बोर्डिंग नसेल तर काय लागत असे, हे मुंबईतील एका विद्यार्थ्याच्या चरित्रातून कळते. परळच्या चाळीतील एका खोलीत राहणारे सुभेदार रामजी आंबेडकर हे स्वतः शिकलेले, लष्करी शाळेत शिक्षक राहिलेले होते. घरात गर्दी असल्यामुळे ते आपला मुलगा भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, याला लवकर झोपवत आणि रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवत, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. अस्पृश्यतेमुळे संस्कृत घेता न आल्याने त्याला शाळेत दुसरी भाषा म्हणून फारसी घ्यावी लागली. 1907 मध्ये 750 पैकी 282 गुण मिळवून तो मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या समाजाला ही घटना सत्कारसभा भरवण्याइतकी मोठी वाटली. याच मुलाला चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला पाहून कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली, आणि इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा त्याची गाठ बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी घालून दिली. त्यातून महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. जागरूक बाप, आपणहून विचारपूस करणारा मास्तर आणि उदार राजा हे तिन्ही एकाच मुलाच्या वाट्याला येणे हा योगायोग होता, आणि योगायोगावर समाजाचे शिक्षण चालत नाही, हे पुढे बाबासाहेबांइतके कोणी ओळखले नाही.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी बोर्डिंगचा हा प्रयोग खेड्यात नेला. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला हजर राहून आल्यावर शुद्धीसाठी स्नान करायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना आपले बोर्डिंग सोडावे लागले, ही हकीकत त्यांच्या चरित्रांतून येते; त्यांच्या वसतिगृहांत जातवार पंगत कधीच का नव्हती, याचे मूळ बहुधा तेथे असावे. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली आणि तेथे काढलेल्या वसतिगृहाला 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळाले. या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुले एकत्र राहत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला जेवत. रोख पैसा दुर्मीळ असल्याने 'मुष्टिफंड' काढण्यात आला, म्हणजे गावातील बाईने दळणाला बसताना धान्याची एक मूठ बोर्डिंगसाठी बाजूला काढून ठेवायची आणि ते धान्य गोळा करून आणायचे. ज्या महिन्यात तेही पुरले नाही त्या महिन्यात भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेवू घातले, मंगळसूत्रही त्यातून सुटले नाही.

भाऊरावांची खरी मौलिक भर म्हणजे 'कमवा आणि शिका' ही योजना. विद्यार्थ्याने शेतात, बांधकामावर किंवा अन्य अंगमेहनतीच्या कामावर ठरावीक तास राबायचे आणि त्या श्रमाच्या बदल्यात त्याचे राहणे, जेवणे व शिक्षण चालायचे, असे तिचे स्वरूप होते. 1940 मध्ये साताऱ्यात सुरू झालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल हे या तत्त्वावरचे निवासी हायस्कूल होते आणि 1947 मध्ये निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजमुळे ज्याने हायस्कूलचे दिवस पाटी-फावड्यावर काढले त्याला कॉलेजचे दिवसही तसेच काढता येऊ लागले. माधुकरीत अन्न मागावे लागे, येथे ते कमावले जाई, आणि शेतकऱ्याच्या मुलाला हातात कुदळ घेण्याची लाज वाटत नसल्याने ही सोय त्याच्या स्वभावाला मानवणारी होती. अर्थात चार तास माती उपसून आलेले पोर रात्री इंग्रजी व्याकरणापुढे पेंगत असणार, हेही उघड आहे. योजनेचे गोडवे गाणाऱ्या लेखनात ही बाजू क्वचितच येते.

या बोर्डिंगांतील शिकवणे बव्हंशी अनौपचारिक होते. सातवीतला मुलगा पाचवीतल्याचे भाषांतर तपासी, मॅट्रिक झालेला मॅट्रिकला बसणाऱ्याचा अर्ज लिही, कॉलेजात गेलेला सुटीत येऊन कोणता विषय घ्यावा व कोणता टाळावा हे सांगे, आणि अधीक्षक फी माफीच्या अर्जापासून आजारपणापर्यंत पालकाच्या जागी उभा राही. शिकलेल्या घरात ही माहिती जेवताना कानावर पडते. बोर्डिंगने तिची जागा घेतली.

डॉ. आंबेडकरांनी 1924 मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही आरंभीच हाती घेतलेले एक काम वसतिगृहाचे होते. ते 1925 मध्ये सोलापुरात सुरू झाले. मुंबई सरकारने 1928 मध्ये नेमलेल्या आणि ज्यात आंबेडकर सदस्य होते त्या स्टार्ट समितीने 1930 च्या अहवालात वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या यांवर भर दिला, आणि 1944 मध्ये भारत सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली, जी 1948 मध्ये अनुसूचित जमातींनाही लागू झाली. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि 1950 मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाची जवळपास काहीच सोय नसलेल्या मराठवाड्यात मिलिंदच्या परिसरातील वसतिगृहांनी जे केले, ते साताऱ्याने पश्चिम महाराष्ट्रात केलेल्या कामाच्या तोडीचे आहे.

स्वातंत्र्यानंतर सरकारचा हात मोकळा झाला. मॅट्रिकची जागा शालान्त परीक्षेने घेतली; 1959 मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत ठरावीक मर्यादेपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ करणारी सवलत आली, जी 'ईबीसी' (इकॉनॉमिकली बॅकवर्ड क्लास) या आद्याक्षरांनी घरोघरी ठाऊक झाली. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली आणि खेड्यातून कॉलेजसाठी येणाऱ्या गरीब मुलांना, पुढे मुलींनाही, अल्प खर्चात राहण्या-जेवण्याची सोय व त्याबरोबर कामाची शिस्त दिली. मुलींच्या बाबतीत मात्र हा सारा इतिहास लंगडा आहे: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बोर्डिंगे जवळजवळ सर्व मुलांसाठी होती, आणि ज्या चळवळींनी मुलाला गावाबाहेर काढण्याचे धाडस बापाला दिले त्यांनी मुलीच्या बाबतीत ते फार उशिरा दिले.

गेल्या काही दशकांत मदतीचे स्वरूप अधिकाधिक रोख रकमेचे होत गेले आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यासाठी महाराष्ट्र शासनाने 2016-17 पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी भोजन, निवास व निर्वाह भत्ता मिळून वर्षाला 60,000 रुपये त्याच्या बँक खात्यात जमा करण्याचे ठरवले. इतर समाजांसाठीही अशाच योजना आल्या. ही मदत आवश्यक आहे, आणि ती हक्काची असल्यामुळे तिच्यात मुष्टिफंडाची याचना नाही. परंतु भाड्याच्या खोलीत चौघांनी मिळून राहणाऱ्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला कोणत्या शाखेला प्रवेश घ्यावा, सीईटीचा अर्ज कधी निघतो, कोणता दाखला कोणत्या कार्यालयातून मिळतो हे सांगणारा वरच्या वर्गातला मुलगा आणि रात्री दिवा जळतो की नाही हे पाहणारा अधीक्षक त्या रकमेतून मिळत नाही. शासनाने बोर्डिंगचा खर्च उचलला, बोर्डिंगचे काम उचलले नाही.