नाळ, हिमाच्छादित (एकल हिवाळी आरोहण)

डोंगरमाथ्याकडून पायथ्याकडे उतरणारी, दोन्ही अंगांना उभे कातळ असलेली अरुंद व तीव्र उताराची घळ म्हणजे नाळ. हिवाळ्यात तीत बर्फ साचून घट्ट झाले म्हणजे तिला हिमनाळ म्हणता येईल. आणि अशी नाळ सोबती किंवा दोराचा आधार न घेता एकट्याने चढून जाणे हा गिर्यारोहणाचा एक स्वतंत्र व अत्यंत जोखमीचा प्रकार मानला जातो.

संज्ञा : नाळेला इंग्रजीत ‘गली’ व फ्रेंचमध्ये ‘कुलवार’ म्हणतात. या परकी संज्ञा जशाच्या तशा घेण्याचे प्रयोजन दिसत नाही. कारण बोराट्याची नाळ, सिंगापूर नाळ किंवा बेलपाड्याहून कोकणकड्याच्या बगलेने हरिश्चंद्रगडावर नेणारी नळीची वाट यांच्या रूपाने हा शब्द सह्याद्रीच्या रहिवाशांच्या तोंडी पूर्वापार रुळलेला आहे.

सीमाभाग : महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील बेळगाव-निपाणीच्या मुलखात पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही, तरी नाळेची घडण समजण्यास हा प्रदेश फार उपयुक्त आहे. पश्चिमेस चंदगड व खानापूर तालुक्यांच्या कडेला पठार एकाएकी तुटून कोकण व गोव्याकडे कोसळते, आणि पावसाळ्यातले पाणी कातळातील तड्यांचा माग काढीत दगड उखडून खाली लोटीत जाते. त्या वाहत्या दगडांनीच नाळेचा तळ खरवडला जातो. घाट व नाळ यांतील भेदही येथे स्पष्ट होतो. बेळगाव-वेंगुर्ले व्यापाराचा जुना रस्ता रामघाटाने उतरे, तो ओझ्याच्या जनावरांना झेपावा अशा बेताने. नाळ मात्र पाण्याने आपल्या सोयीने पाडलेली असते व तीत माणसाची सोय पाहिलेली नसते. पूर्वेस गोकाककडे काळवथराची सद्दी संपून कलादगी मालेतील कठीण वालुकामय खडक लागतो. घटप्रभेचा सुमारे 52 मीटरांचा धबधबा त्याच खडकावरून पडतो.

आरोहण : सह्याद्रीच्या नाळेत सुटे धोंडे पायाखाली असतात, हिमनाळेत तेच बर्फाने जागच्या जागी जखडलेले असतात, आणि ऊन लागताच मोकळे होऊन आरोहकाच्या डोक्यावर येतात. म्हणून पहाटेपूर्वी निघून ऊन चढण्याच्या आत माथा गाठण्याचा प्रघात पडला. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस (1,345 मीटर) या पर्वतावरील सोप्या नाळांचा उतार 45 अंशांच्या आसपास असतो. हिमलोट बहुधा 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटत असल्याने सोपी नाळ निर्धोक असतेच असे नाही. शिवाय माथ्यावर वाऱ्याने रचलेली बर्फाची पुढे झुकलेली कड शेवटच्या काही हातांत वाट अडवते. एकट्या आरोहकाच्या बाबतीत घसरण थोपविण्यास हातातील कुऱ्हाडीखेरीज काहीच नसते.

इतिहास : इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर हा जुलै 1862 मध्ये आल्प्समधील मॅटरहॉर्नवर एकटाच गेला असता उतरताना घसरला व हिमनाळेतून सुमारे 200 फूट आपटत खाली आला, तो वाचला. स्कॉटिश गिर्यारोहक हॅरल्ड रेबर्नने बेन नेव्हिसवरील ग्रीन गली 1906 मध्ये चढली, मात्र एकट्याने नव्हे, तर स्विस सोबत्यासह. हाच रेबर्न पुढे 1920 मध्ये कांचनगंगेच्या परिसरात व 1921 मध्ये एव्हरेस्टच्या पाहणी-मोहिमेत आला, हे भारतीय वाचकाने विशेष ध्यानात घ्यावे. इटालियन गिर्यारोहक वॉल्टर बोनाती याने फेब्रुवारी 1965 मध्ये मॅटरहॉर्नची उत्तर भिंत एकट्याने चढली. ती नाळ नव्हे, परंतु एकल हिवाळी आरोहणाचा उल्लेख तिच्याविना अपुरा राहील. असे आरोहण समर्थनीय आहे की नाही, याविषयी गिर्यारोहकांत मतभेद आहेत.

उपकरणे : हिमकुऱ्हाड, बुटांना बांधायचे काटेरी तळ, शिरस्त्राण.

प्रशिक्षण : दार्जिलिंग (1954) व उत्तरकाशी (1965) येथील संस्था.