शस्त्रक्रियोत्तर वेदनाशामकाची चाचणी

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर नवे औषध खरोखर लागू पडते का, हे ठरवण्यासाठी रुग्णांवर केली जाणारी नियंत्रित तुलना. वेदना मोजणारे यंत्र नाही. रुग्णच ठरावीक वेळी ० ते १० मधला आकडा सांगतो. जखमेचे दुखणे काही दिवसांत आपोआप उतरते, आणि औषध घेतल्याच्या भरवशानेही अनेकांना आराम पडतो. याकडे अमेरिकी भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९५५ मध्ये लक्ष वेधले. त्यामुळे गोळीनंतर दुखणे थांबले, एवढ्याने गोळीचा गुण सिद्ध होत नाही. म्हणून एका गटाला हुबेहूब दिसणारी, पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो देतात. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला आणि नोंद घेणाऱ्यालाही ठाऊक नसते.

विव्हळणाऱ्या माणसाला खोटी गोळी देणे क्रूर आहे, तुलना प्रचलित औषधाशीच करावी, असा आक्षेप आहे. तो वरवर रास्त वाटतो. पण दोन औषधे सारखी ठरली, तर दोन्ही गुणकारी होती की चाचणीलाच फरक टिपता आला नाही, हे कळत नाही. शिवाय दुखणे असह्य झाल्यास मागताक्षणी दुसरे वेदनाशामक मिळण्याची सोय असते. त्याने आकडे बिघडू नयेत म्हणून ते घेण्यापूर्वीचा आकडा पुढचे काही तास धरतात.

अमेरिकेतील व्हर्टेक्स कंपनीच्या सुझेट्रिजीनचे उदाहरण बोलके आहे. वेदनेचा संदेश नेणाऱ्या मज्जातंतूंतील एनएव्ही १.८ हा सोडियम मार्ग ते अडवते. अफूवर्गीय औषधांसारखे मेंदूवर काम करत नाही. पोटावरची जादा त्वचा काढलेल्या आणि पायाच्या अंगठ्यालगत वाढलेले हाड कापलेल्या रुग्णांवर दोन चाचण्या झाल्या. प्रत्येकीत हजाराहून अधिक माणसे होती. पहिल्या ४८ तासांत ते प्लासिबोपेक्षा सरस ठरले. हायड्रोकोडोन या अफूवर्गीय औषधाच्या पॅरासिटामॉलसोबतच्या मिश्रणापेक्षा मात्र नाही. प्लासिबोचा गट नसता तर ही तुलना निरर्थक ठरली असती, आणि हायड्रोकोडोनचा नसता तर जाहिरातदारांचे फावले असते. ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

अशा नियोजित शस्त्रक्रियांचे रुग्ण बहुधा धडधाकट असतात. कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धाला त्यांच्यावरील चाचण्यांचे निष्कर्ष लागू होतीलच असे नाही, हा आक्षेप मात्र खोडता येत नाही. इतर प्रकारच्या वेदनेसाठी तिसरी चाचणी झाली खरी, पण तीत तुलनेचा गटच नव्हता. सुझेट्रिजीन अफूवर्गीय औषधापेक्षा अधिक वेदना शमवते, असे म्हणायला या चाचण्यांत आधार नाही.