मेंढ्याचं शिंग, त्याची खोळ आणि मार्को पोलोची थाप

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड शिंगांवर आहे. म्हणजे खरं तर एका मेंढ्यावर, ज्याचं शास्त्रीय नाव तो प्राणी युरोपात कुणी नीट बघायच्या आधीच ठरलं. फक्त त्याच्या शिंगांवरून.

आधी थोडं बेसिक. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे कुठलीही गोष्ट दिसली की ती आतून कशी बनलीय ते बघायची खोड आहे. मेंढ्याचं शिंग हे दोन भागांचं असतं. आत कवटीतूनच वाढलेला हाडाचा खुंट आणि त्यावर चढवल्यासारखी केराटिनची खोळ. केराटिन म्हणजे तेच, ज्याची आपली नखं आणि केस बनतात. या दोघांच्या मधे रक्तवाहिन्या असलेला मऊ थर. हरणासारख्या सांबराची शिंगं वेगळी: ती अख्खी हाडाची आणि दरवर्षी गळून पडणारी. मेंढ्याची, बकऱ्याची, गायीची जन्मभर टिकतात.

म्हणून मेंढ्याची कवटी भिंतीवर लावायची असेल तर फक्त मांस काढून भागत नाही. खोळीच्या आतला तो मऊ थर राहिला की कुजतो, वास सुटतो, किडे होतात. तर मग खोळ उतरवायची. कशी? कवटी पाण्यात काही दिवस, कधी कधी काही आठवडे भिजत ठेवायची. मधला थर सडून सुटला की खोळ पिळून, तिच्या वळणाच्या दिशेने फिरवत काढायची. मेंढ्याचं शिंग पिळाचं असतं, त्यामुळे सरळ ओढून उपयोग नाही, स्क्रू काढल्यासारखं करावं लागतं. घाई म्हणून खळखळ उकळलं तर केराटिन मऊ पडतं आणि आकार बिघडू शकतो. नंतर खुंट साफ करून वाळवायचा आणि खोळ परत बसवायची. झालं.

आता हे डोक्यात ठेवा आणि चला 13व्या शतकात.

1270च्या दशकात मार्को पोलो पामीरच्या पठारावरून चीनकडे गेला. पुढे 1298 साली जिनोआच्या तुरुंगात असताना त्याने प्रवासाच्या आठवणी सांगितल्या आणि सोबतच्या कैद्याने त्या लिहून काढल्या. त्यात तो सांगतो की पामीरवर प्रचंड रानमेंढे आहेत, त्यांची शिंगं सहा-सहा वीत लांब. धनगर त्या शिंगांपासून वाडगे करतात, गुरांसाठी कुंपणंही करतात. आणि वाटेवर शिंगांचे, हाडांचे ढीग रचलेत, बर्फ पडला की प्रवाशांना रस्ता कळावा म्हणून.

वाडगे! म्हणजे तिथल्या मेंढपाळांना खोळ कशी सुटते हे पक्कं माहीत होतं. हाडाच्या खुंटाचा वाडगा होत नाही, पोकळ खोळीचाच होतो. बरं, पोलोच्या आधी, 1250च्या दशकात, विल्यम ऑफ रुब्रुक नावाच्या साधूनेही मंगोलांच्या मुलखातले असे अवजड शिंगांचे मेंढे नोंदवले होते. तरीही पोलोच्या एकूण कहाण्यांवर युरोपात लोकांचा विश्वास कमीच. थापाड्या म्हणायचे त्याला.

मग 500हून जास्त वर्षं जातात. आणि इथे मुंबईचा धागा येतो. ईस्ट इंडिया कंपनीचं आरमार, ज्याला आधी बॉम्बे मरीन म्हणायचे आणि 1830 पासून इंडियन नेव्ही, त्यातला एक लेफ्टनंट जॉन वुड. अलेक्झांडर बर्न्सच्या मोहिमेसोबत तो काबूलला गेला आणि तिथून पुढे आमू दर्याचा उगम शोधायला निघाला. फेब्रुवारी 1838, कडाक्याची थंडी. नौदलाचा माणूस, आणि पोचला कुठे तर पामीरवरच्या गोठलेल्या सिर-इ-कोल तलावावर! वाटेत त्याला काय दिसलं? बर्फातून वर आलेली शिंगांची टोकं, जी बघून वाट कळत होती. आणि जिथे शिंगं अर्धवर्तुळात रचलेली, तिथे किरगिझ लोकांचा उन्हाळी तळ. पोलो खोटं बोलला नव्हता हो!

वुडने आणलेली शिंगं लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीत पोचली. तिथे ती एडवर्ड ब्लाइथने बघितली. हा माणूस औषधांचं दुकान चालवताना प्राण्यांच्या नादात धंद्याकडे दुर्लक्ष करणारा. त्याने त्या शिंगांवरून नवीन जात जाहीर केली आणि नाव दिलं ओव्हिस पोलिआय, पोलोचा मेंढा. 1841 मध्ये हाच ब्लाइथ कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या म्युझियमचा क्युरेटर म्हणून आला. पुढे डार्विन त्याला पत्रं लिहून माहिती विचारायचा.

इथपर्यंत गोष्ट मस्त आहे. यापुढे ती बिघडते.

शिंगं इतकी मोठी आहेत हे कळल्यावर ती प्रत्येकाला भिंतीवर हवी झाली. लंडनमध्ये रोलंड वॉर्ड नावाच्या टॅक्सिडर्मिस्टने 1892 पासून शिकारीच्या मापांचं रेकॉर्ड बुकच छापायला घेतलं. लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडची जोडी वळणावरून मोजली तर 75 इंच, म्हणजे 190 सेंटीमीटर. माणसापेक्षा लांब! 1925 मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे मुलगे, थिओडोर ज्युनियर आणि कर्मिट रूझवेल्ट, शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी हे मेंढे मारायला पामीरला गेले. एका जीवघेण्या लीडरबोर्डसारखं चाललं होतं सगळं.

आणि मला इथे सगळ्यात जास्त खटकतं ते हे. मेंढ्याच्या खोळीवर दर हिवाळ्यात वाढ मंदावते आणि एक खोल वळी उमटते. वळ्या मोजल्या की वय कळतं, दोन वळ्यांमधलं अंतर बघितलं की कुठलं वर्ष चांगलं गेलं, कुठलं उपासमारीचं, तेही कळतं. म्हणजे खोळ ही त्या जनावराची लॉग फाइल आहे. हाडाच्या खुंटातून डीएनए मिळू शकतो. पण खोळ उतरवताना या मेंढ्याची त्या कवटीवर बसली, नंबर टाकला नाही, कुठून आणलं ते लिहिलं नाही, की लॉग फाइल एकाची आणि डीएनए दुसऱ्याचा. इंचांचा आकडा तेवढा उरतो. म्हणून खोळ, खुंट आणि कवटी या तिन्हींवर एकच नंबर टाकायचा, हे साधं काम शोभेच्या कवटीला अभ्यासाचा नमुना बनवतं. ब्लाइथला शिंगं उपयोगी पडली कारण ती कुणी, कुठून आणली ते माहीत होतं.

शेवट अगदीच वाईट नाही. 1970च्या दशकात जॉर्ज शॅलर या जीवशास्त्रज्ञाने काराकोरममध्ये पाहणी केली आणि त्याच्या सांगण्यावरून पाकिस्तानात 1975 साली खुंजेराब नॅशनल पार्क झालं, मुख्यतः याच मेंढ्यांसाठी. पण ताजिकिस्तानात आजही परवाना काढून, भरपूर पैसे मोजून शिकार होते. काहीजण म्हणतात त्या पैशातून संरक्षण होतं, काहीजण म्हणतात सगळ्यात मोठ्या शिंगांचे नरच सतत मारले जातात. माझं मत? पैसा गावातल्या माणसांपर्यंत आणि राखणीपर्यंत पोचतो का, हे बघितल्याशिवाय पहिल्या गटाचं ऐकू नका.

पुढच्या वेळी कुठल्या म्युझियममध्ये गेलात आणि भिंतीवर वळणदार शिंगं दिसली, तर मोबाइलने फोटो काढायच्या आधी खालची पाटी वाचा. ठिकाण, वर्ष, नंबर आहे का बघा. आणि मग वळ्या मोजा. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!