शून्य आणि रिकामी जागा

हिऱ्यांच्या व्यापारासाठी सुरतेची कीर्ती आज जगभर आहे. त्या व्यापारात पारख्याच्या डोळ्यांच्या जोडीला एक छोटे विजेरी यंत्र वापरले जाते. त्याचे टोक खड्याला टेकवले, की खडा उष्णता किती त्वरेने वाहून नेतो हे ते पाहते आणि त्यावरून तो हिरा आहे की नाही, ते सांगते. काच किंवा झिर्कोनिया या परीक्षेत तत्काळ उघडे पडतात. परंतु १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मोइसनाइट नावाचा कृत्रिम खडा दागिन्यांच्या बाजारात आला. उष्णता वाहून नेण्यात तो हिऱ्याला इतका जवळचा, की यंत्राने त्यालाही हिरा ठरविले. यंत्र बिघडले नव्हते. हा भेद ओळखण्याची सोयच त्यात नव्हती, आणि तसे सांगण्याची तर मुळीच नव्हती.

हिरा खाणीतला की प्रयोगशाळेत वाढविलेला, हा प्रश्न त्याहून अवघड. त्यासाठी त्याच दशकात डी बीअर्स कंपनीच्या संशोधकांनी ‘डायमंडशुअर’ हे उपकरण सिद्ध केले. संशयास्पद खड्याला ते खोटा म्हणत नाही. त्याचे उत्तर ‘उत्तीर्ण’ असते, किंवा ‘पुढील तपासणीस पाठवा’ असे असते. आपल्या मर्यादेची कबुली हेच येथे उपकरणाचे काम ठरले.

सुरतेच्या कारखान्यांत कच्च्या हिऱ्यातून कोणता आकार काढावा याचे गणित आता संगणक करतो. असा संगणक मंदावला, तर त्याचीही पारख करावी लागते. आणि त्या पारखीच्या साधनांनाही हाच धडा गिरवावा लागला आहे.

१९८२ मध्ये बर्कले येथील संशोधकांनी ‘जीप्रोफ’ हे साधन प्रसिद्ध केले. कार्यक्रमाच्या कोणत्या भागात किती वेळ जातो, हे ते सांगे. वेळ का जातो, हे सांगणे त्याच्या आवाक्यात नव्हते. १९९३ च्या पेंटियम प्रोसेसरमध्ये त्यासाठी गणक बसविलेले होते. किती आज्ञा पार पडल्या, जवळच्या स्मृतीत हवी ती माहिती किती वेळा सापडली नाही, याची मोजणी ते करीत. मात्र त्यांचा तपशील इंटेल कंपनीने सर्वांस खुला केला नव्हता. नॉर्वेचे टेर्ये माथिसेन यांनी तो जुलै १९९४ च्या ‘बाइट’ मासिकात उघड केला.

पुढे प्रोसेसर अनेक झाले, आणि प्रत्येकाचे गणक निराळे. सप्टेंबर २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.३१ या आवृत्तीत या सर्वांसाठी एक सामाईक व्यवस्था आली आणि तिच्याबरोबर ‘पर्फ’ हे साधन. जे मोजण्याची सोय यंत्रात नाही ते मागितले, तर प्रणाली त्रुटीचा क्रमांक देऊन नकार देते. मग साधनाने काय करावे? सारेच काम थांबविले, तर एका मापापायी इतर मापेही हातची जातात. शून्य लिहिले, तर अनर्थच; कारण ‘स्मृतीतील चुका शून्य’ हे वाचणाऱ्याला उत्तम आरोग्याचे लक्षण वाटेल.

पर्फने तिसरा मार्ग घेतला: मिळतील ती मापे घ्यावीत आणि उरलेल्या जागी शेरा लिहावा. परंतु आरंभी ‘मोजले गेले नाही’ हा एकच शेरा दोन भिन्न गोष्टींना लागू होत असे. गणक थोडे आणि मागण्या फार असल्या, की ते आळीपाळीने वाटून घ्यावे लागतात. एखाद्या मागणीची पाळी कधी येतच नाही. हे झाले एक कारण. दुसरे कारण, तसा गणकच यंत्रात नसणे. पहिल्यावर उपाय सोपा: मागण्या कमी कराव्यात किंवा मोजणी अधिक वेळ चालवावी. दुसऱ्या बाबतीत कितीही वाट पाहिली तरी व्यर्थ. तेथे यंत्रच बदलावे लागते. आणि आभासी यंत्र असेल, तर मूळ यंत्राच्या चालकाकडे गणक खुले करण्याची मागणी करावी लागते. २०११ मध्ये हे शेरे वेगळे करण्यात आले आणि दुसऱ्यासाठी ‘सोय नाही’ अशा अर्थाचा स्वतंत्र शेरा आला. बदल दोन शब्दांचा. पण त्यामुळे निष्फळ शोधाचे कितीतरी तास वाचले.

काही प्रसंगी पर्फ पर्यायही शोधते. प्रोसेसरची आवर्तने मोजणारा गणक नसेल, तर नोंदणीच्या कामी ते प्रणालीच्या घड्याळावर काम भागविते. हे माप तितके सूक्ष्म नसते. अहवालात घड्याळाचे नाव येते खरे. पण ते न वाचता केवळ आकडे पाहणारा फसतो.

‘पुढील तपासणीस पाठवा’ या उत्तराने हिऱ्याच्या व्यापाऱ्याला विलंब होतो आणि खर्चही पडतो. परंतु चुकीच्या ‘उत्तीर्ण’ची किंमत त्याची पत असते. संगणकाच्या अहवालातील रिकामी जागाही अशीच गैरसोयीची असते. तिच्या जागी शून्य वाचणारा अभियंता मात्र रोग एकीकडे आणि औषध भलतीकडे, अशा स्थितीत सापडतो.