'टर्मिनेट' शब्दाचें मूळ

गेल्या महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी इंग्रजी पत्र घेऊन घरीं आला. त्याची नोकरी 'टर्मिनेट' झाली होती. "गुरुजी, म्हणजे मी संपलोंच ना?" असें त्यानें विचारलें. त्यास जें सांगितलें, तेंच आज आपणांस सांगतों.

'टर्मिनेट' म्हणजे संपविणें. परंतु प्रत्येक समाप्तीला हा शब्द चालत नाहीं. जेवण संपलें असतां इंग्रज 'फिनिश' म्हणतो. करार किंवा नोकरी मात्र 'टर्मिनेट' होते. या भेदाचें बीज शब्दाच्या मुळांत आहे. लॅटिन भाषेंत 'टर्मिनस' म्हणजे शेताच्या हद्दीचा दगड. प्राचीन रोमन लोक त्यास देव मानीत. दरसाल २३ फेब्रुवारीस 'टर्मिनालिया' हा त्याचा उत्सव होई. ओव्हिड कवीनें त्याचें वर्णन केलें आहे. दोन्ही शेतांचे धनी आपापल्या बाजूनें येऊन दगडास माळ घालीत, धान्य व मध अर्पण करीत, आणि शेजारीपाजारी एकत्र भोजन करीत. बांध कोरल्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या आपल्या गांवकऱ्यांना ही चाल नवलाची वाटेल!

आख्यायिका अशी कीं, रोममधील कॅपिटोलाइन टेकडीवर जुपिटरचें मंदिर बांधतांना इतर देवांनीं आपली जागा सोडली; टर्मिनस मात्र हलला नाहीं. शेवटीं त्याची शिळा मंदिरांतच ठेवून वर छपरास झरोका राखावा लागला.

या एका दगडापासून इंग्रजींत मोठा परिवार वाढला. शाळेची 'टर्म' म्हणजे ठरलेली मुदत. कराराच्या 'टर्म्स' म्हणजे उभयतांनीं मान्य केलेल्या अटी. आगगाडीचें 'टर्मिनस' म्हणजे लोहमार्गाची शेवटची हद्द. मुंबईच्या बोरीबंदर स्थानकास १८८७ सालीं राणी व्हिक्टोरियाचें नांव मिळालें. १९९६ सालीं तें जाऊन शिवछत्रपतींचें आलें. 'टर्मिनस' मात्र त्या रोमन देवाप्रमाणें जागचा हलला नाहीं.

सारांश, या शब्दाचें मूळ नाशांत नाहीं, हद्दींत आहे. आणि हद्दीचा दगड दोन्ही धन्यांस सारखाच बांधतो. एकट्यानें तो सरकवावयाचा नसतो. "संपलास कीं नाहीं हें मागाहून पाहूं, आधीं कराराच्या टर्म्स वाच," असें मी त्यास सांगितलें. त्यानें कागद उलगडला. एक महिन्याची पूर्वसूचना देण्याची अट तेथें स्पष्ट होती. पत्र मात्र त्याच दिवसापासून लागू केलें होतें. आतां तो त्या महिन्याच्या वेतनासाठीं अर्ज लिहीत आहे. त्याचें इंग्रजी मीच तपासणार आहें.