सहा लाख श्लोकांची राख : राजूरचा राजा, पैठणचा राजा आणि कोरियातील भूतकथा

१/
२०१२ साली दक्षिण कोरियात ‘अ वेअरवुल्फ बॉय’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. अर्धा माणूस, अर्धा लांडगा असा एक मुका मुलगा आणि आजारपणामुळे खेड्यात राहायला आलेली एक मुलगी यांची ही प्रेमकथा. ती परतते तेव्हा आजी झालेली असते; तो मात्र तसाच तरुण, अजूनही तिची वाट पाहत असतो. एकट्या कोरियात या चित्रपटाची ६० लाखांहून अधिक तिकिटे खपली.

२/
अशा चित्रपटांवर प्रेक्षकांचे दोन तट पडतात. एकाला हे सारे अशक्य आणि भाबडे वाटते. दुसरा ते अशक्य आहे हे जाणूनही डोळे पुसत बाहेर पडतो. हा वाद चित्रपटांपेक्षा फार जुना आहे. त्याच्या दोन प्राचीन कथा मराठवाड्यात घडतात. एक राजूरची, दुसरी पैठणची.

३/
राजूर जालना–भोकरदन रस्त्यावर आहे. गणेशाच्या साडेतीन पीठांत त्याची गणना होते. गणेशपुराणातील वरेण्य राजाची नगरी ती हीच, अशी स्थानिक परंपरा सांगते. पुराणकथेनुसार या राजाच्या राणीच्या, पुष्पिकेच्या, कुशीत एके दिवशी हत्तीचे मुख आणि चार हात असलेले बालक दिसले. राणी भयभीत झाली, महालात हाहाकार उडाला.

४/
राजाने रूप पाहिले आणि बालकाला अरण्यात सोडून देण्याची आज्ञा केली. पराशर ऋषींनी ते उचलले, वाढवले. पुढे त्याच गजाननाने सिंदुरासुराचा वध केला. तेव्हा वरेण्याला आपण कोणाला टाकले हे उमगले. त्याच्या पश्चात्तापानंतर गजाननाने त्याला जो उपदेश केला, तीच गणेशगीता. राजूरला येणारा भाविक आजही ही कथा ऐकतो.

५/
दुसऱ्या कथेसाठी सातवाहन काळात जावे लागते. राजूरजवळचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत या गावच्या रहिवाशांची नावे आहेत. येथील उत्खननात सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी विलक्षण साम्य दाखवते. व्यापाऱ्यांची ये-जा असलेला हा मुलूख होता, आणि व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर मालाइतक्याच कथाही फिरत.

६/
या मुलखाची राजधानी गोदाकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे पैठण. कथासरित्सागरातील आख्यायिका सांगते की सातवाहन राजा जलक्रीडा करत असताना पाण्याच्या माऱ्याने थकलेली राणी ‘मोदकैः’ हा शब्द उच्चारते. तिला म्हणायचे होते ‘मा उदकैः’, म्हणजे पाण्याने नको. संधी न समजलेल्या राजाने मोदक मागवले. राणी हसली. राजा लाजेने खोलीत जाऊन बसला.

७/
संस्कृत शिकण्याचा ध्यास त्याने घेतला. मंत्री गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षे लागतील. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरेत. हे साधले तर संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्ही सोडीन, अशी प्रतिज्ञा गुणाढ्याने केली. शर्ववर्म्याने शब्द खरा केला. गुणाढ्य मुका झाला आणि दरबार सोडून विंध्याच्या अरण्यात गेला.

८/
तेथे त्याला चौथी भाषा मिळाली : पैशाची, पिशाच्चांची बोली. काणभूती नावाच्या पिशाच्चाने सांगितलेल्या दिव्य कथा त्याने सात वर्षे लिहिल्या. अरण्यात शाई नव्हती. त्याने स्वतःचे रक्त वापरले. असे सात लाख श्लोक झाले. हीच बृहत्कथा. शिष्यांनी ती मोठ्या आशेने पैठणला राजाकडे नेली.

९/
राजाने ग्रंथ वाचलाच नाही. भाषा पिशाच्चांची, अक्षरे रक्ताची. एवढ्यावर त्याने तो धिक्कारून परत पाठवला. ज्याला कालपर्यंत ‘मोदकैः’ कळत नव्हते, तो आज भाषेवरून ग्रंथाची लायकी ठरवत होता. वरेण्याने बालकाचे मुख पाहून जे केले, तेच सातवाहनाने ग्रंथाचे रूप पाहून केले.

१०/
गुणाढ्याने एका टेकडीवर अग्निकुंड पेटवले. एकेक पान मोठ्याने वाचायचे आणि आगीत टाकायचे. हरणे, डुकरे, रेडे असे अरण्यातले प्राणी चरणे सोडून भोवती बसले आणि अश्रू ढाळत ऐकू लागले. इकडे राजा आजारी पडला. निदान झाले : मुदपाकखान्यात येणारे मांसच सुकलेले आहे. चौकशी करता शिकारी म्हणाले, जनावरे काही खातच नाहीत, कथा ऐकत बसतात.

११/
राजा धावत गेला तेव्हा सहा लाख श्लोकांची राख झाली होती. शिष्यांना प्रिय असलेली नरवाहनदत्ताची कथा तेवढी राखून ठेवलेली होती. एक लाख श्लोकांची. राजाने ती मस्तकी धरून पैठणला नेली. ती होती वत्सराज उदयनाच्या पुत्राची, त्याच्या प्रेमांची आणि आकाशगामी विद्याधरांच्या लोकातील त्याच्या चक्रवर्तीपदाची कथा. आजच्या भाषेत, अद्भुत प्रेमकथा.

१२/
ही आख्यायिका आहे, दरबाराची नोंद नव्हे. पण बृहत्कथा नावाचा ग्रंथ होता, हे निश्चित. दंडी आणि बाणभट्ट या थोर संस्कृत लेखकांनी तिचा उल्लेख केला आहे. दंडीने तर तिची भाषा ‘भूतभाषा’ असल्याचेही सांगितले आहे. मूळ ग्रंथ आज संपूर्ण लुप्त आहे. उरली ती तिची रूपांतरे : ११व्या शतकातील काश्मिरात क्षेमेंद्राची बृहत्कथामंजरी व सोमदेवाचा कथासरित्सागर, आणि नेपाळात सापडलेला बुधस्वामीचा श्लोकसंग्रह. विक्रम-वेताळाच्या पंचवीस कथा घराघरांत पोहोचल्या, त्या याच कथासरित्सागरातही आहेत.

१३/
पूर्व आशियातही अधिकाऱ्यांचा कौल असाच होता. १४व्या शतकात चीनमध्ये चू यू याने भूतप्रेमाच्या कथांचा संग्रह लिहिला; नावाचा अर्थ ‘दिव्याची वात कातरताना सांगितलेल्या नव्या गोष्टी’. विद्यार्थी धर्मग्रंथ बाजूला सारून याच गोष्टी वाचतात, या तक्रारीवरून १४४२ मध्ये मिंग राजवटीने त्यावर बंदी घातली.

१४/
बंदी घातलेला तो संग्रह कोरियात पोहोचला आणि किम सी-सुप (१४३५–१४९३) याच्या हाती पडला. १४५५ मध्ये काकाने अल्पवयीन पुतण्याचे सिंहासन बळकावले, तेव्हा या तरुण विद्वानाने आपली पुस्तके जाळली आणि भिक्षू होऊन भटकंती पत्करली. पुढे ग्योंगजूजवळच्या गुमो पर्वतावर त्याने ‘गुमो सिन्ह्वा’ लिहिले. त्यातील पाच कथा आज उपलब्ध आहेत.

१५/
त्यांतील एका कथेत यी नावाचा तरुण भिंतीवरून डोकावतो आणि चोए घराण्यातील मुलीच्या प्रेमात पडतो. विवाह होतो. मग परकीय आक्रमकांच्या धाडीत ती मारली जाते, आणि तरीही परत येते. ती मृत आहे हे पती जाणतो, विचारत नाही. काही वर्षे दोघे सुखाने राहतात. निरोपाच्या वेळी ती एवढेच मागते की उघड्यावर पडलेली आपली हाडे पुरावीत. तो ती पुरतो आणि थोड्याच दिवसांत स्वतःही मरण पावतो.

१६/
युद्धात मेलेल्या स्त्रियांची गणती कोणत्या दरबाराने ठेवली? ‘हे अशक्य आहे’ म्हणणारा वाचक येथे चुकत नाही. फक्त त्याला ती उघड्यावर पडलेली हाडे दिसत नाहीत. भुताच्या रूपात कथा ज्या दुःखाला परत आणते, ते खरेच घडलेले असते.

१७/
किमने आपला ग्रंथ दगडी कोठडीत दडवला आणि पुढे कधीतरी तो समजणारा कोणी येईल असे म्हटले, अशी परंपरा आहे. १७व्या शतकात तो जपानमध्ये छापला गेला. मायदेशी त्याचा जवळजवळ विसर पडला होता. १९२७ मध्ये चोए नाम-सोन या विद्वानाने जपानी प्रतीवरून तो पुन्हा कोरियन वाचकांसमोर आणला. आज कोरियन कथासाहित्याचा आरंभ सांगताना याच पुस्तकाचे नाव घेतले जाते.

१८/
किमच्या ग्रंथाला वाचक मिळाले, तोवर चार शतके उलटली होती. वरेण्याला गणेशगीता मिळाली, कारण बालक अरण्यात जगले. सातवाहनाच्या पश्चात्तापाने मात्र एकच लाख श्लोक वाचले. उरलेल्या सहा लाखांत काय होते, हे त्या अरण्यातील श्रोत्यांखेरीज कोणालाही कळले नाही.